आयसीयूतल्या नर्सनं एफएनपी करावं का?

पत्र:

ताई, भारतात बीएस्सी नर्सिंग करून मी इकडे आले. सहा वर्षं टेक्सासात, डॅलसच्या एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स आहे. वय 36, मुलगी सात वर्षांची. आता नर्स प्रॅक्टिशनर (एनपी), म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध लिहिणारी नर्स व्हायचं मनात आहे. युनिटमधल्या सगळ्या जणी सांगतात, फॅमिली एनपी (एफएनपी) कर, क्लिनिक काय, हॉस्पिटल काय, सगळीकडची दारं उघडतात. एका ऑनलाइन विद्यापीठात प्रवेश मिळतोय, पण प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारा, आपला आपण शोधायचा. मास्टर्स करू की डीएनपी, म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट? दोन-तीन वर्षांत नवऱ्याची बदली फीनिक्सला होईल असं दिसतंय. पुढेमागे भारतात परतलो तर याचा काही उपयोग होईल का? नाइट ड्यूटीचा कंटाळा आलाय हे खरंच. पण त्याहून जास्त कंटाळा आलाय तेच ते पेशंट पुन्हा पुन्हा व्हेंटिलेटरवर बघण्याचा. वाढलेली साखर, रक्तदाब, चुकवलेलं डायलिसिस. यांना कुणी आधी नीट बघितलंच नाही का, असं वाटत राहतं. सासूबाई विचारतात, म्हणजे तू आता डॉक्टर होणार का? त्यांना काय सांगू?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या मैत्रिणींनी दाखवलेली ती ‘सगळी दारं’ बघून घेऊ. कारण एनपीच्या वाटेवर सगळ्यांत महागात पडणारी चूक तिथेच होते.

आरएनच्या लायसन्सनं आपल्याला एक सवय लावलेली असते. आज ऑर्थो, पुढच्या वर्षी लेबर रूम, त्यानंतर आयसीयू. नव्या युनिटचं ओरिएंटेशन झालं, कॉम्पिटन्सीच्या कागदांवर सह्या झाल्या की काम सुरू. लायसन्स तेच राहतं. त्यामुळे एनपीचंही असंच असणार, एकदा पदवी हातात आली की नोकरी देईल तो शिकवेल, असं आपण धरून चालतो. एनपीचं तसं नाही. तिथे तुम्ही काय शिकलात यावर तुम्ही कोणत्या पेशंटला हात लावू शकता ते ठरतं, आणि नंतर कामावर शिकून ती चौकट रुंद होत नाही.

ही चौकट 2008 च्या ‘कन्सेन्सस मॉडेल’नं आखली. प्रगत नर्सिंगच्या चार भूमिका: एनपी, नर्स मिडवाइफ, क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट आणि भूल देणाऱ्या सीआरएनए. त्यावर सहा पेशंटगट: कुटुंब म्हणजे सर्व वयाचे, प्रौढ व वृद्ध, नवजात, बालक, स्त्रीआरोग्य आणि मानसिक आरोग्य. यातल्या प्रौढ आणि बालक या दोन गटांचे पुन्हा दोन भाग आहेत, प्रायमरी केअर आणि अक्यूट केअर. पदवी, परीक्षा आणि लायसन्स या तिघांवर एकच गट लिहिलेला असावा लागतो. एफएनपी सर्व वयाच्या पेशंटसाठी असली तरी ती प्रायमरी केअरची पदवी आहे. बाळापासून आजोबांपर्यंत सगळे तुमचे. पण व्हेंटिलेटरवरचे आजोबा तुमचे नाहीत.

मॉडेलमध्ये एक बारीक मुद्दा आहे आणि लोक त्याचा सोयीनं अर्थ लावतात. स्कोप, म्हणजे कामाची कक्षा, जागेवरून ठरत नाही, पेशंटच्या गरजेवरून ठरतो, असं त्यात म्हटलंय. मग हॉस्पिटलात एफएनपी चालते की, असा युक्तिवाद होतो. चालते, इमर्जन्सीच्या फास्ट ट्रॅकमध्ये घसा दुखणाऱ्याला बघायला चालते. पण ज्याचं प्रेशर दर तासाला पडतंय, ज्याला सेंट्रल लाइन घालायची आहे, त्याची गरज अक्यूट केअरची आहे, मग तो कुठल्याही मजल्यावर असो.

माझ्या ओळखीतल्या एकीनं हे भोगलंय. आयसीयूतली हुशार नर्स, एफएनपी झाली, हॉस्पिटलनं तिला स्टेपडाउन वॉर्डावर (आयसीयूच्या एक पायरी खालच्या) घेतलं. चार वर्षं छान चाललं. मग कुणाला काय करू द्यायचं ते कागद बघून ठरवणाऱ्या क्रेडेन्शियलिंग कमिटीवर नवी माणसं आली, त्यांनी फायली उघडल्या आणि विचारलं, अक्यूटचं सर्टिफिकेशन कुठाय? तिला नोकरी सांभाळून पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करावं लागलं, पुन्हा क्लिनिकल तास, पुन्हा परीक्षा, पुन्हा फी. हॉस्पिटलनं तिला आपणहून घेतलं होतं, पण त्यामुळे तिची जबाबदारी काही कमी झाली नाही. टेक्सासचं नर्सिंग बोर्डही यावर स्पष्ट आहे: आपल्या शिक्षणाच्या गटाबाहेर जायचं असेल तर रीतसर शिक्षण घ्या, नोकरीवरचं प्रशिक्षण त्यासाठी पुरत नाही. केस कोर्टात गेली की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

उलटंही तितकंच खरं. अक्यूट केअर एनपी केलंत तर आयसीयू, हॉस्पिटलिस्टची टीम, कार्डिओलॉजी, पल्मनरी हे सगळं तुमचं. पण मग मुलगी शाळेत जाते म्हणून नऊ ते पाचचं फॅमिली क्लिनिक हवं झालं, तर ते दार बंद.

म्हणून आता ते वाक्य. ‘यांना कुणी आधी नीट बघितलंच नाही का.’ सहा वर्षं आयसीयूत काढलेली आणि तिथेच रमलेली नर्स असं लिहीत नाही. तिच्या पत्रात शॉक असतो, एअरवे असतो, रात्री तीन वाजता आपण पकडलेलं सेप्सिस असतं. तुमचं लक्ष पेशंट आयसीयूत येण्याच्या आधीच्या पाच वर्षांवर आहे. तो प्रायमरी केअरचाच प्रश्न आहे. तेव्हा माझं मत सरळ सांगते: तुम्ही एफएनपीच करा. फक्त मैत्रिणी सांगतात त्या कारणासाठी नको. हॉस्पिटलचं दार उघडं राहील म्हणून करणार असाल तर दोन वर्षांनी पस्तावाल. ते दार मिटतंय हे माहीत असून करणार असाल तर बिनधास्त करा.

तरी एक शंका उरते. तुमच्या पत्रात मुलांचा कुठे उल्लेख नाही, सगळे पेशंट मोठे. प्रौढ-वृद्धांची प्रायमरी केअर एनपी हा वेगळा कोर्स आहे, आणि साखर-रक्तदाब-किडनी हेच ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी अभ्यास म्हणून तो जास्त खोल जातो. अडचण बाजारात आहे. बरीच छोटी क्लिनिकं जाहिरातीतच एफएनपी मागतात, कारण आईबरोबर तिचं तापलेलं पोरही तपासायचं असतं. मुलांच्या कानात ओटोस्कोप घालताना तुमचा हात कचरत नसेल तर एफएनपी घ्या. कचरत असेल तर विचार करा. हे घरी बसून ठरत नाही. कुणा एफएनपीच्या मागे दोन दिवस क्लिनिकमध्ये उभं राहा, त्यातला एक सोमवार असू द्या. पंधरा-वीस मिनिटांत एक पेशंट, मध्ये इनबॉक्समध्ये साठणारे लॅब रिपोर्ट, प्रायर ऑथरायझेशनचे, म्हणजे विमा कंपनीकडून आधी मंजुरी घेण्याचे फोन. आयसीयूत दोन पेशंट असतात आणि त्यांच्याबद्दल तुम्हाला सगळं माहीत असतं. क्लिनिकमध्ये वीस असतात आणि प्रत्येकाबद्दल थोडंथोडं. आयसीयूतून आलेल्यांना हाच बदल सगळ्यांत जड जातो, औषधांचा अभ्यास नाही.

गंमत म्हणजे या व्यवसायाची सुरुवातच तुमच्या प्रश्नातून झाली. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या पब्लिक हेल्थ नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला एनपी कार्यक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर पोचत नव्हते तिथल्या मुलांना आजारी पडण्याआधी कुणीतरी बघावं, एवढाच हेतू होता. लोरेटाबाई 2025 च्या जानेवारीत 104 व्या वर्षी गेल्या.

आता विद्यापीठ. ऑनलाइन आहे म्हणून मी नाक मुरडणार नाही. नोकरी आणि मूल सांभाळून शिकणाऱ्यांना दुसरा मार्ग कोणता? पण ‘प्रिसेप्टर तुम्ही शोधा’ हे वाक्य मला आवडत नाही. फी पूर्ण घ्यायची आणि शिक्षणाचा सगळ्यांत अवघड भाग विद्यार्थ्याच्या गळ्यात मारायचा, ही कसली शाळा? मुली ओळखीपाळखीच्या क्लिनिकांमध्ये इमेल पाठवून थकतात, शेवटी दलालाला पैसे मोजतात, आणि तरीही जागा मिळाली नाही म्हणून सेमिस्टर वाया जातं. प्रवेश घेण्याआधी त्यांना लेखी विचारा: जागा मिळाली नाही तर तुम्ही देणार का, आणि किती दिवसांत? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं विद्यापीठ शोधा. मान्यता सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी कुणाची आहे का ते त्या संस्थेच्या यादीत स्वतः बघा, विद्यापीठाच्या जाहिरातीत नको. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक: कोर्स अर्ध्यात असताना फीनिक्सला जावं लागलं तर ॲरिझोनात क्लिनिकल तास करायची परवानगी त्या विद्यापीठाला आहे का? ऑनलाइन शिकवणारं विद्यापीठ सगळ्याच राज्यांत क्लिनिकल करू देतं असं नाही.

तासांचा हिशोब आधीच मांडून ठेवा. 2022 च्या राष्ट्रीय निकषांनुसार एनपी कार्यक्रमात पेशंटच्या थेट देखभालीचे किमान 750 तास हवेत. पूर्वी 500 पुरायचे. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस धरले तर जवळपास 47 आठवडे झाले. आणि क्लिनिक दिवसा चालतं. तुमच्या बारा-बारा तासांच्या तीन नाइट्स त्यात बसवून बघा, कागदावर बसतात, शरीरात बसत नाहीत. त्या काळात वीकेंडच्या दोन शिफ्टवर उतरता आलं तर उतरा. हॉस्पिटलकडून मिळणारा आरोग्यविमा टिकवायला किती तास लागतात ते एचआरला आत्ताच विचारून ठेवा.

मास्टर्स की डीएनपी यावर फार वेळ घालवत नाही. एनपी व्हायला मास्टर्स पुरतं. नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं 2004 सालीच ठरवलं होतं की 2015 पर्यंत सगळ्यांना डीएनपी हवी. 2015 आलं आणि गेलं. सीआरएनएची गोष्ट वेगळी, तिथे आता नवा अभ्यासक्रम डॉक्टरेटचाच असतो. एनपीला डीएनपीनं स्कोप एका इंचानंही वाढत नाही. पुढे शिकवायचं असेल, किंवा मोठ्या संस्थेत वरच्या जागेवर जायचं असेल तर करा, आणि तेही नोकरी लागल्यावर, शक्य तर नोकरी देणाऱ्याच्या पैशानं.

परीक्षेबद्दल युनिटमध्ये उगाच वाद चालतात. एफएनपीसाठी दोन संस्था आहेत. एएएनपीसीबीची परीक्षा निव्वळ क्लिनिकल, नावापुढे एफएनपी-सी लागतं. एएनसीसीच्या परीक्षेत संशोधन, धोरण, व्यावसायिक भूमिका यांवरही प्रश्न असतात, नावापुढे एफएनपी-बीसी लागतं. दोन्हींचं नूतनीकरण पाच वर्षांनी. नोकरी देणाऱ्याला दोन्ही चालतात. जिचे प्रश्न वाचताना तुम्हाला झोप येत नाही ती परीक्षा द्या.

खरी मेख राज्याच्या कायद्यात आहे, आणि तुमच्या घरात तर दोन राज्यं आहेत. टेक्सासात एनपीला औषधं लिहायची तर डॉक्टरशी लेखी करार लागतो, त्याला प्रिस्क्रिप्टिव्ह अथॉरिटी ॲग्रीमेंट म्हणतात. एका डॉक्टरला पूर्ण वेळाच्या हिशोबानं सातपर्यंत एनपी आणि पीए (फिजिशियन असिस्टंट) मिळून घेता येतात. महिन्यातून एकदा तरी बैठक, चार्ट तपासणी. सवय लागण्याच्या धोक्यानुसार शेड्यूलमध्ये विभागलेल्या नियंत्रित औषधांपैकी शेड्यूल तीन ते पाचची औषधं रिफिल धरून 90 दिवसांपर्यंत. शेड्यूल दोन, म्हणजे मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, ॲडरॉल, हे हॉस्पिटल आणि हॉस्पिसच्या चौकटीतच. साध्या क्लिनिकमधून नाही. करार केलेला डॉक्टर निवृत्त झाला, गावाबाहेर गेला किंवा रुसला तर तुमचं लिहिणं थांबतं. लायसन्स शाबूत असतं, पेशंट समोर असतो आणि पेन चालत नाही. स्वतःचं क्लिनिक काढलेल्या एनपींना या सहीसाठी डॉक्टरला दरमहा पैसे द्यावे लागतात, हेही उघड गुपित आहे.

ॲरिझोनात हा करार लागत नाही. तिथे एनपी स्वतःच्या लायसन्सवर तपासते, निदान करते, औषध लिहिते. अशी पूर्ण मोकळीक आज अर्ध्याहून अधिक राज्यांत आहे. मधल्याही वाटा आहेत. न्यूयॉर्कमध्ये 3,600 तासांच्या अनुभवानंतर लेखी कराराची अट सुटते. कॅलिफोर्नियात 2020 च्या एबी 890 कायद्यानं पायऱ्या आखल्या: आधी तीन वर्षं किंवा 4,600 तास, मग डॉक्टर असलेल्या गटात करारावाचून काम, आणि त्यानंतर आणखी तीन वर्षांनी पूर्ण स्वतंत्र. तेव्हा इतर राज्यांतल्या वाचकांनीही आपापल्या बोर्डाचं पान उघडावं, माझ्या शब्दावर विसंबू नये. हे कायदे दर अधिवेशनात हलतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फीनिक्सचं नक्की असेल तर नवशिकेपणाची पहिली दोन वर्षं कुठे काढायची हा प्रश्न मोकळिकीपेक्षा मोठा आहे. कायद्यानं एकटीला परवानगी आहे म्हणून पहिल्याच नोकरीत एकटी बसू नका. आयसीयूत शेजारच्या बेडवर कुणीतरी असायचं. क्लिनिकमध्ये दार लावून घेतलं की खोलीत तुम्ही आणि पेशंट. विचारायला कुणी अनुभवी माणूस त्याच इमारतीत असेल अशीच जागा घ्या, पगार थोडा कमी असला तरी.

कागदांचा क्रम लक्षात ठेवा, कारण एक अडला की पुढचे सगळे अडतात. पदवी, मग परीक्षा, मग राज्याचं एपीआरएन (प्रगत नर्सिंगचं) लायसन्स आणि त्याबरोबर औषधं लिहिण्याचा अधिकार, मग नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीची केंद्र सरकारची डीईए नोंदणी, आणि शेवटी विमा कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग, ज्यात महिने जातात. बिलिंगसाठी लागणारा तुमचा ओळख क्रमांक, एनपीआय नंबर, फुकट आणि लगेच मिळतो. तुमचं टेक्सासचं आरएन लायसन्स मल्टिस्टेट असेल तर ते कॉम्पॅक्टमधल्या, म्हणजे एकमेकांचं आरएन लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारातल्या ॲरिझोनात चालतं, म्हणून एनपीचंही चालेल असं समजू नका. ते त्या राज्यातून वेगळं घ्यावं लागतं. डीईएची नोंदणी तीन वर्षांची, फी 888 डॉलर, आणि तीही राज्याला बांधलेली. टेक्सास सोडताना ती ॲरिझोनाला बदलून घेता येते, पण आधी तिथलं लायसन्स हातात हवं. व्यसनमुक्तीच्या उपचारांवरचं आठ तासांचं एकदाच करायचं प्रशिक्षणही डीईएसाठी लागतं. बरीच कॉलेजं ते अभ्यासक्रमातच उरकतात, दाखला मात्र जपून ठेवा.

पहिला करार हातात आला की दोन गोष्टी विचारा. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांचा सरकारी विमा, एनपीला डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के देतं. पण ‘इन्सिडंट टू’ नावाच्या नियमात बसवलं तर डॉक्टरच्या नावावर पूर्ण 100 टक्के मिळतात. त्यासाठी उपचाराची दिशा आधी डॉक्टरनं ठरवलेली असावी लागते, देखरेख लागते, आणि नवा पेशंट किंवा जुन्याचं नवं दुखणं त्यात बसत नाही. काही क्लिनिकं सगळंच सरसकट डॉक्टरच्या नावावर टाकतात. ‘माझं बिलिंग कोणाच्या एनपीआयवर होणार?’ हा प्रश्न मुलाखतीतच विचारा, समोरचा चेहरा बघून अर्धं उत्तर कळतं. दुसरं, मालप्रॅक्टिस विमा. ‘ऑकरन्स’ (घटना विमा चालू असताना घडली की दावा कधीही येवो, संरक्षण) असेल तर उत्तम. ‘क्लेम्स-मेड’ (दावा विमा चालू असतानाच आला तर संरक्षण) असेल तर नोकरी सोडताना टेल कव्हरेजचे, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांच्या संरक्षणाचे पैसे कोण भरणार ते लिहून घ्या. तुम्ही तर सोडून जाणार हे आत्ताच माहीत आहे.

भारताचं थोडक्यात. तिथे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे, मिडवाइफरीतला वेगळा अभ्यासक्रमही आहे, पण अमेरिकेसारखं स्वतःच्या नावानं औषध लिहिणारं लायसन्स म्हणजे ते नव्हे. तुमची एफएनपी तिथे शिकवायला, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रशासनात उपयोगी पडेल, प्रिस्क्रिप्शन पॅडवर नाही. पाच वर्षांच्या आत परतायचं नक्की असेल तर या कोर्सवर एवढे पैसे घालू नका. ‘पुढेमागे’ असेल तर त्या पुढेमागेसाठी आज थांबू नका.

आणि सासूबाई. त्यांना ‘नाही’ म्हणा, आणि लगेच पुढचं सांगा: पेशंटला तपासणार, रिपोर्ट मागवणार, गोळ्या बदलणार, आणि साखर तीनशेच्या वर जायच्या आत त्याला फोन करणार. मला वाटतं, त्यांना पहिल्या शब्दापेक्षा शेवटचं वाक्य जास्त कळेल. त्यांच्या ओळखीत अशी साखर कुणाची तरी असतेच.